आरसा वर गेल्यावर

पहिला डीएसएलआर कॅमेरा कोणता घ्यावा, असे विद्यार्थी अधूनमधून विचारतात. बहुतेकांना छायाचित्रेही काढायची असतात आणि चित्रीकरणही करायचे असते. पैसे मात्र एकाच कॅमेऱ्यापुरते असतात. मी मराठी शिकवतो, छायाचित्रण नव्हे. तरीही हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. २०१० साली तो मी स्वतःलाच विचारला होता, आणि उत्तर चुकले होते.

त्या काळी हा प्रश्नच मुळी नवा होता. डीएसएलआर हे तोवर केवळ स्थिरचित्रांचे यंत्र होते. ऑगस्ट २००८मध्ये निकॉनने डी-९० जाहीर केला आणि चित्रीकरणाची सोय प्रथमच अशा कॅमेऱ्यात आली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क-टू आला. मोठा सेन्सर, बदलता येणारी भिंगे आणि पार्श्वभूमी धूसर होऊन उठून दिसणारा माणूस, हे सारे सिनेमावाल्यांच्या मिरासदारीतून सुटून प्राध्यापकाच्या पगाराच्या आवाक्यात येईल असे वाटू लागले.

माझे निमित्त होती आत्या. माणदेशातल्या आमच्या गावी ती राहायची. वय ऐंशीच्या घरात. तिला जात्यावरच्या ओव्या येत. दळण कधीच गिरणीत जाऊ लागले होते, पण जाते ओसरीवर होते आणि ओव्या तिच्या तोंडात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरवून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांविषयी मी वर्गात तासन्‌तास बोलत असे. घरच्या ओवीची मात्र एक ओळही माझ्या वहीत नव्हती. ही लाज कॅमेऱ्याने धुऊन निघेल, अशी माझी समजूत.

पुण्यातल्या एका दुकानात काचेच्या टेबलावर दोन कॅमेरे ठेवले गेले. किंमत जवळपास सारखीच. पहिल्याचा व्ह्यूफाइंडर मोठा, उजळ, पकड भक्कम. दुसरा हाताला पोकळ वाटे, व्ह्यूफाइंडरही जरा अंधारा. पण त्याच्या कडेला, रबरी झाकणाखाली, बाहेरचा मायक्रोफोन जोडण्यासाठी एक बारीक छिद्र होते. पहिल्याला ते नव्हते. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, रस्त्यावरची संध्याकाळ त्यात लख्ख दिसली, आणि मी पहिला घेतला. सोबत ५० मिलिमीटरचे स्वस्तातले भिंग. त्या छिद्राचा विचार मी क्षणभरही केला नाही.

एसएलआरचे मर्म आरशात असते. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर वळतो आणि लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. म्हणजे जो क्षण टिपला जातो, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. चित्रीकरणात तर आरसा सर्व वेळ वरच राहतो. ज्या उजळ व्ह्यूफाइंडरवर मी भाळलो होतो, तो आत्याच्या ओव्या चालू असताना ठार काळा होता. मागच्या पडद्याकडे पाहत मी चाचपडत होतो.

दिवाळीची सुट्टी होती. आत्याने मूठभर ज्वारी वैरली, खुंटा धरला आणि गायला लागली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. जात्याकडे पाहत होती. तेव्हाच्या डीएसएलआरमध्ये सलग चित्रीकरणाला मर्यादा असे, कुठे पाच मिनिटांची, कुठे बारा. कार्डावरची एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नसे, हे एक कारण. सेन्सर तापणे हे दुसरे. माझा तुकडा पाच मिनिटांनी आपोआप संपला. आत्याला त्याचे काय! ती भावाच्या ओव्यांवर आली होती. मी पुन्हा बटण दाबेपर्यंत एक ओवी निसटली. तिच्यात माझ्या वडिलांचे नाव होते.

“आत्या, ती मघाची ओवी परत म्हण की.”

“आरं, म्हनली न्हवं का? आता जातं फुडं गेलं.”

तिने दुसऱ्या ओव्या म्हटल्या. ती पुन्हा म्हटली नाही, आणि मीही नंतर नेटाने विचारले नाही. तीन वर्षांनी आत्या गेली.

छायाचित्रे उत्तम आली आहेत, हे मुद्दाम सांगतो. खुंट्यावरचा तिचा हात, मनगटावरचे गोंदण, पिठाची बारीक कड. चित्रफितीत मात्र जात्याची घरघर पुढे आहे आणि आत्या मागे. कॅमेऱ्यातल्या इवल्या मायक्रोफोनला ओवी कोणती आणि दगड कोणता, हे कसे कळावे? ते मला कळायला हवे होते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. एकेक चौकट टिपत, दिवसामागून दिवस. अंकुराला आवाज नसतो. त्याचा प्राण काळात होता, आणि फाळक्यांनी नेमका काळ पकडला. माझ्या विषयाचा प्राण आवाजात होता. मी उजेड विकत घेतला.

म्हणून विद्यार्थ्यांना मी मॉडेल सांगत नाही. आता दोन्ही कंपन्यांचा भर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. त्यांचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चित्रीकरणातही जागा राहतो. जुना डीएसएलआर घेऊनही उत्तम शिकता येते. कॅमेरा हातात धरून पाहा, मेगापिक्सेल मोजत बसू नका, पैसे उरले तर भिंगावर घाला, एवढे सांगतो. मग विचारतो, आधी कोणाला टिपणार? नदी, देऊळ, पाखरे असे उत्तर आले तर व्ह्यूफाइंडर पाहून घ्या म्हणतो. कोणी ‘आजी’ म्हणाले, तर आधी मायक्रोफोनचे छिद्र शोधायला लावतो, आणि कॅमेरा यायला महिना लागणार असेल, तर आज रात्रीच फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा म्हणतो.

आत्याच्या चित्रफितीचा दुसरा तुकडा सुरू होतो तेव्हा त्या निसटलेल्या ओवीची शेवटची दोन अक्षरे ऐकू येतात. कानाला यंत्र लावून ती मी अनेकदा ऐकली आहेत. ती वडिलांच्या नावातली नाहीत.