तव्यापलीकडचा टीव्ही

परदेशात नोकरीला आलं की पहिल्या महिन्यात तूरडाळ कुठे मिळते, बँकेत खातं कसं उघडायचं, कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा, हे सगळं शोधत हिंडावं लागतं. मला आणखी एक गोष्ट शोधायची होती : सामना कुठे बघायचा? मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर असले की आमच्याकडे पेठाच्या पेठा मैदानाकडे निघतात. एकटीने फोनवर सामना बघणं याला मी सामना बघणं म्हणतच नाही. शेजारी कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडणारं लागतं, आणि त्याचा संघ हरला तर त्याला चहा पाजावा लागतो.

हिरोशिमातल्या ऑफिसात विचारलं तर सगळ्यांनी एकच पत्ता दिला, नागारेकावा. शहराचा हा रात्री जागणारा भाग. तिथल्या इमारतींत मजल्यामजल्यावर बार आहेत आणि त्यातले काही परदेशी पद्धतीचे, भिंतभर पडदे लावलेले. पेय काउंटरवरून स्वतः आणायचं, पैसे तिथल्या तिथे द्यायचे आणि मिळेल त्या स्टुलावर बसायचं. बाईमाणसाने एकटीने जाऊन बसावं इतकं मोकळं वातावरण. पण रोजच्या संध्याकाळी त्या पडद्यांवर इंग्लंडमधल्या फुटबॉलचे जुने सामने आवाज बंद करून चालू असतात आणि वर भलतंच संगीत. बघत कुणीच नसतं. पडदा कितीही मोठा असला तरी समोर बघणारा माणूस नसेल तर त्याचा उपयोग काय, असं मला तिथे बसून फार वाटायचं.

अपवाद विश्वचषकाचा. २३ नोव्हेंबर २०२२ ला जपान आणि जर्मनीचा सामना इथल्या रात्री दहाला सुरू झाला, तेव्हा त्याच बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जर्मनीने आधी गोल केला आणि बारमधला आवाज बसला. मग जपानने बरोबरी साधली आणि ८३व्या मिनिटाला आसानो ताकुमाने उजवीकडून आत घुसत, अगदी अरुंद कोनातून चेंडू जाळ्यात मारला. मी जे ओरडणं ऐकलं त्यात देशाच्या विजयाहून काहीतरी जास्त होतं. माझ्या खांद्याला धरून हलवणाऱ्या अनोळखी बाईने ते सांगितलं. आसानो आधी सानफ्रेच्चे हिरोशिमाकडून खेळायचा, म्हणजे आपला! आणि प्रशिक्षक मोरियासूसुद्धा आपले. त्यांनीच सानफ्रेच्चेला २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये लीग जिंकून दिली होती. सामना संपेपर्यंत ट्राम बंद झाल्या होत्या. माणसं घोळक्याघोळक्याने चालत घरी निघाली आणि मीही चालले. स्पेनविरुद्धचा सामना तर २ डिसेंबरच्या पहाटे चारला होता. तरीही माणसं आली, आणि सामना संपल्यावर तिथूनच थेट कामाला गेली.

पण विश्वचषक चार वर्षांतून एकदा येतो. रोजची जागा मला सापडली ती पावसामुळे.

ट्रामच्या थांब्याजवळ ओकोनोमियाकीचं एक छोटं दुकान आहे. लांबलचक लोखंडी तवा, त्याच्या एका बाजूला दुकान चालवणारी बाई आणि दुसऱ्या बाजूला ओळीने बसलेली गिऱ्हाइकं. हिरोशिमाची ओकोनोमियाकी थरांची असते. आधी पातळ धिरडं, त्यावर कोबीचा डोंगर, मोड आलेले मूग, डुकराच्या मांसाच्या चकत्या, मग शेवया, अंडं आणि शेवटी गोडसर काळा सॉस. मी मांस नको म्हटलं. तिने मान डोलावली आणि मला न विचारता कोबी वाढवला. मी छत्री निथळत ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं, की दुकानातलं कुणीही स्वतःच्या ताटाकडे बघत नाही. सगळ्यांच्या नजरा फ्रिजवरच्या टीव्हीवर. टीव्ही लहानसा, कडांना तेलाचा पिवळट थर. त्यावर हिरोशिमा कार्पचा बेसबॉलचा सामना चालू होता. ती बाई दोन उलथनी लावून धिरडं उलटत होती आणि तीही टीव्हीकडेच बघत होती. कार्पचा फलंदाज बाद झाला तसं तिने उलथनं तव्यावर खाडकन आपटलं. मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

खरी गंमत पुढे झाली. सामना लांबला, वाहिनीची वेळ संपली आणि शेवटचा डाव बाकी असतानाच पडद्यावर दुसरा कार्यक्रम सुरू झाला. कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी टीव्ही बंद केला आणि सॉसच्या बरणीमागचा रेडिओ लावला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं सगळं दुकान तव्याकडे बघत रेडिओ ऐकत होतं. मला तेव्हा जपानी जेमतेम कळायचं, पण निवेदकाचा चढता आवाज कळायला भाषा लागत नाही. तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच सांगते : हिरोशिमात संध्याकाळी जिथे रेडिओ ऐकू येईल तिथे आत शिरा. न्हाव्याचं दुकान असो, टॅक्सी असो, फळवाला असो, सामना तिथे आहे.

कार्पवरचं हे प्रेम आलं कुठून, ते मला त्या दुकानातल्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. सत्तरीचे, ट्रामचे निवृत्त चालक. दुकानात सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मी मात्र मनात त्यांना ट्रामवाले आजोबा म्हणते. जपानमधले बहुतेक बेसबॉल संघ मोठ्या कंपन्यांचे असतात, काही वर्तमानपत्रांचे, काही रेल्वेचे. कार्प उभा राहिला तो कुणा मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना. अणुबाँबनंतर पाच वर्षंही झाली नव्हती, शहर अजून पत्र्यांच्या घरांत राहत होतं, आणि १९५० मध्ये हा संघ लीगमध्ये उतरला. खेळाडूंचे पगार देता येईनात. १९५१ मध्ये संघ बंद करायची वेळ आली, तेव्हा प्रशिक्षक इशिमोतो शुइची मदत मागत गावभर फिरले आणि मैदानाच्या दारात साकेची लाकडी पिंपं ठेवली गेली. ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं त्यांनी त्यात नाणी टाकली. संघ वाचला. पुढे १९५७ मध्ये अणुबाँबच्या स्फोटातून उरलेल्या घुमटाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, संघाचं मैदान उभं राहिलं.

आणि तरीही पहिलं विजेतेपद यायला १९७५ उजाडलं. आजोबा तेव्हा विशीत होते. विजयाची मिरवणूक शांती मार्गावरून निघाली ती बघायला ते गेले होते. गर्दीत त्यांच्या पुढे एक बाई चौकटीतला फोटो छातीशी धरून उभी होती. फोटोचं तोंड मिरवणुकीकडे होतं, गेलेल्या माणसाला दिसावं म्हणून. "अशा बऱ्याच जणी होत्या," ते म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसाठी बिअर मागवली. संघ कुणाचा असतो, हा प्रश्न पेठेत वाढलेल्या मला कधी पडला नव्हता. पण या शहराने त्याचं उत्तर किती किंमत मोजून दिलंय, हे त्या संध्याकाळी कळलं.

मैदानावर जायचं म्हणजे तिकीट मिळवणं आलं. हंगामाआधीच, मार्चच्या सुमाराला विक्री सुरू होते आणि शनिवार-रविवारची बरी तिकिटं बघता बघता उडतात. नोकरदाराने मंगळवार ते गुरुवार बघावेत, सोमवारी सहसा सामने नसतात. हिरोशिमा स्टेशनातून दहा मिनिटं चाललं की २००९ साली सुरू झालेलं माझदा स्टेडियम येतं. वाटेत सगळं लाल. एका नेहमीच्या साखळी दुकानाची निळी पाटीसुद्धा इथे लाल रंगवलेली आहे. स्टेडियमची एक बाजू मुद्दाम उघडी ठेवलीय, त्यामुळे शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, जाताना दिसते, आणि गाडीतल्यांना क्षणभर मैदान दिसतं. आत चहूबाजूंनी रुंद वाट आहे. कार्प उदोनचा वाडगा हातात घेऊन त्या वाटेने चालतानाही एक चेंडू चुकत नाही. हे ज्याने आखलं त्याला खेळ बघणाऱ्याची भूक नीट माहीत असणार. माझं मत विचाराल तर जपानमधलं बेसबॉल बघायला याहून चांगली जागा नाही.

इथे ओरडायचीही शिस्त आहे. आपला संघ फलंदाजीला असतानाच ओरडायचं. समोरचा संघ खेळायला आला की त्यांच्या कोपऱ्यातल्या मूठभर पाठीराख्यांना आवाज करू द्यायचा आणि आपण खाऊन घ्यायचं. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, सोबत तुताऱ्या आणि ढोल. त्या गाण्यावर कार्पवाले आलटून पालटून उठाबशा काढतात. अर्धे उभे राहिले की अर्धे बसतात, मग उलट. पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या आजींनी माझं मनगट धरून मला उठवलं-बसवलं. तिसऱ्या फलंदाजापर्यंत मांड्या भरून आल्या होत्या आणि आजी मात्र अजून गात होत्या.

फुटबॉलसाठी आता फार लांब जावं लागत नाही. सानफ्रेच्चेचं जुनं मैदान डोंगराकडे होतं. फेब्रुवारी २०२४ पासून नवं पीस विंग स्टेडियम भर शहरात आहे, शांती उद्यानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे लालऐवजी जांभळं घालून जायचं, बाकी माणसं तीच.

क्रिकेटचं काय? क्रिकेट इथे कुठल्याही बारमध्ये लागत नाही, आणि वेळेचंही भांडण आहे. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आयपीएलचा संध्याकाळचा सामना इथे रात्री अकराला सुरू होतो. घरी बघावा तर भिंती कागदासारख्या. २९ जून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला रस्ता काढला तो साइजोच्या मुलांनी. साइजोला हिरोशिमा विद्यापीठ आहे आणि तिथे भारतातली पुष्कळ मुलं शिकतात. त्यांच्यातला नांदेडचा एकजण म्हणाला, "ताई, कॅराओकेची खोली घेऊ या."

याहून शहाणा सल्ला मला जपानमध्ये कुणी दिलेला नाही. कॅराओकेची खोली म्हणजे आवाज बाहेर न जाणारी भिंत, मोठा पडदा, सोफे आणि पहाटे पाचपर्यंतचं एकच भाडं. बऱ्याच ठिकाणी पडद्याला आपला लॅपटॉप जोडू देतात. फक्त आधी फोन करून विचारायचं, केबल आपली न्यायची आणि माणशी एक पेय घ्यायचं. साडेअकराला सामना सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या तेव्हा खोलीतले दोघेजण डोकं धरून जमिनीवर बसले होते. शेवटच्या षटकात सोळा हव्या. पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला, आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर चेंडू पकडला, वर उडवला, रेषेबाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा झेलला. नेमका त्याच वेळी मेलन सोड्याचे ग्लास घेऊन आलेला पोरगा दार उघडून उभा होता. सगळे नाचत होते, त्यामुळे ट्रे कुठे ठेवावा हे त्याला कळेना. त्याने तो कपाळापर्यंत उचलून धरला आणि विचारलं, "होमरन?" आम्ही त्याला शेवटचे पाच चेंडू बसवून दाखवले. भारत सात धावांनी जिंकला तेव्हा तीन वाजून गेले होते. मग दोन तास हातात होते आणि माइक होतेच. नांदेडकराने पोवाडा म्हटला. पहाटेच्या पहिल्या लोकलने मुलं साइजोला गेली.

हे सगळं मी दुकानात सांगितलं तेव्हा ट्रामवाल्या आजोबांनी मला थांबवलं आणि विचारलं, "कबड्डी अजून खेळतात का तुमच्याकडे?" मी बघतच राहिले. १९९४ च्या आशियाई स्पर्धा हिरोशिमात झाल्या होत्या. तेव्हा शहरातल्या प्रत्येक समाजमंदिराने एकेक देश दत्तक घेतला होता. त्या देशाची माहिती घ्यायची, जेवण शिकायचं आणि त्याच्या खेळाडूंना ओरडून पाठिंबा द्यायचा. आजोबांच्या वस्तीच्या वाट्याला भारत आला होता. म्हणून ते कबड्डी बघायला गेले, आणि श्वास धरून एकटाच सातजणांवर चालून जाणारा माणूस बघून खुळे झाले. सुवर्णपदक भारताला मिळालं होतं हेही त्यांना पाठ होतं. मी तव्यावरच्या सॉसने मैदान काढून बोनस रेषा समजावली. दुकानवाल्या बाई, आमच्या ओबाचान, ओरडल्या, मग त्याही वाकून बघायला लागल्या.

२०२६ च्या आशियाई स्पर्धा आइची आणि नागोयात आहेत. कबड्डी आहे, क्रिकेटही आहे. शिंकान्सेनने इथून सव्वादोन तासांचा रस्ता. आजोबा म्हणाले, कबड्डीची तिकिटं मी काढतो, क्रिकेटची तू काढ, आणि नियम मला आधी नीट लिहून दे. ओबाचान म्हणतात दुकान दोन दिवस बंद ठेवू, पण त्या दिवसांत कार्पचा सामना नको. कार्पचं वेळापत्रक हाती आलं की तारखा ठरतील.