चुंबकाच्या खोलीतली खुर्ची आणि आपली ठेव



पैसे कुठे ठेवायचे ते घरातल्या पुरुषांनी ठरवायचं आणि आपण फक्त सही करायची, असं आपल्या वाशिमकडच्या बऱ्याच घरांत अजून चालतं. दिवाळीनंतर आमच्याकडे एक विषय असा आला की सही करण्याआधी मी चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जे समजून घेतलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझ्या दिरांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याच्या मित्रांची एक छोटी कंपनी आहे. एमआरआयच्या खोलीत नेता येतील अशा व्हीलचेअर, सलाइनचे स्टँड, स्ट्रेचर त्या बनवतात. लोखंड अजिबात नाही, सगळं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक. पुढे शरीरात बसवायची उपकरणंही करायचा त्यांचा विचार आहे. "मोठ्याई, दोन लाख टाका, पाच वर्षांत दहापट होतील," तो म्हणाला. दोन लाख म्हणजे आमच्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली निम्मी ठेव.

आधी ही गरज खरी आहे का, ते पाहिलं. एमआरआयचं नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट. आणि तपासणी चालू नसली तरी ते चुंबक चालूच असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. यंत्राने सिलिंडर ओढून घेतला आणि त्याचा जीव गेला. अशा खोलीत न्यायच्या वस्तूंवर तीन प्रकारच्या खुणा असतात : हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित, पिवळा त्रिकोण म्हणजे ठरावीक अटींवर चालेल, लाल वर्तुळ म्हणजे आत न्यायचीच नाही.

आमच्या घरात हा विषय नवा नव्हता. सासूबाईंना पेसमेकर आहे. गेल्या वर्षी कंबर दुखायला लागली म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तेव्हा आधी पेसमेकरचं कार्ड मागितलं गेलं. त्यांचा पेसमेकर एमआरआयला चालणारा नव्हता, म्हणून सीटी स्कॅनवर काम भागवलं. पेसमेकरची तार चुंबकाच्या खोलीत अँटेनासारखी वागते आणि तिचं टोक तापू शकतं. म्हणून नुसता पेसमेकर चालणारा असून भागत नाही, तारही तशीच लागते.

तर गरज खरी होती. पण गरज खरी असली म्हणजे पैसा परत येतोच असं नाही. अमेरिकेत रोचेस्टरजवळ बायोफॅन नावाची एक छोटी कंपनी होती. पेसमेकर एमआरआयमध्ये सुरक्षित करायचा, हेच तिचं स्वप्न. कितीतरी साध्या माणसांनी तिचे शेअर घेतले. शेवटी २००७ मध्ये या विषयातले आपले हक्क तिने मेडट्रॉनिक या मोठ्या कंपनीला १ कोटी १० लाख डॉलरला विकले. २०११ मध्ये एमआरआयला चालणाऱ्या पेसमेकरला अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली, ती मेडट्रॉनिकलाच. स्वप्न खरं ठरलं, पण त्याचं फळ छोट्या भागधारकांच्या पदरात पडलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या छोट्या कंपनीने भारतात बनवलेलं एमआरआय यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसलं. पण त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत आहे, आणि झोहोसारखी थांबायची ताकद असलेली कंपनी पाठीशी आहे. आपली मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाणार. ती थांबू शकत नाही.

मग मी पुतण्याला कागद मागितले. हे नियम लिहून ठेवा. शेअर बाजारात नसलेली कंपनी असे खासगी शेअर वर्षभरात २०० हून जास्त लोकांना देऊ करू शकत नाही. पैसे रोख द्यायचे नाहीत, आपल्याच बँक खात्यातून द्यायचे. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर मिळाले पाहिजेत, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. आणि आपल्या नावाने आलेल्या प्रस्तावपत्रात पैसा कशासाठी वापरणार ते लिहिलेलं असतं. तो भाग दोनदा वाचा. हे शेअर मनात आलं की विकता येत नाहीत, हेही गृहीत धरा.

माझी खरी अडचण पुढेच होती. शरीरात बसवायच्या उपकरणांच्या चाचण्या प्राण्यांवर होतात. खुर्चीला, स्टँडला त्याची गरज नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाला संसारात आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण संकल्पी हिंसा सोडायचीच. अशी चाचणी यातल्या कुठल्या खान्यात बसते? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या छातीत जे बसवलंय, तेही असंच तपासून आलं असेल. मी ते नको म्हटलं नाही. पण त्यातून नफा कमवायचा का, हा सवाल वेगळा." मला हे पटलं. जीव वाचवण्यासाठी घेणं आणि वाढाव्यासाठी पैसा लावणं, दोन्हींमागचा भाव एक नाही.

प्रस्तावपत्रात या वेळचा पैसा फक्त खुर्च्या आणि स्टँडसाठी होता. पुढचं बहुमत ठरवील, तिथे माझ्यासारखीचा आवाज किती? म्हणून आम्ही असं ठरवलं. मुलीच्या ठेवीला हात लावायचा नाही. माझ्या स्वतःच्या बचतीतले चाळीस हजार द्यायचे, तेही गेले असं समजून. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी पुढे पैसे मागितले तर देणार नाही, हे पुतण्याला आत्ताच सांगून टाकलं. तो थोडा हिरमुसला. "दहापट तरी चालतील ना, मोठ्याई?" म्हणाला. मी म्हटलं, बाळा, आमच्या परिग्रह-परिमाणात धनाची मर्यादा लिहिलेली आहे. दहापट झालेच तर मर्यादेवरचे कुणाच्या तरी औषधपाण्याला जातील.

दशलक्षणात उत्तम शौच धर्म आपण दरवर्षी ऐकतो. लोभाचा मळ काढणं म्हणजे शौच. हा मळ बहुतेक वेळा चांगल्या कामाच्या नावानेच घरात येतो, म्हणून ओळखू येत नाही. काम चांगलं आहे का, हा एक प्रश्न. मला त्यातून किती हवंय, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहून काढा, म्हणजे सही करताना हात थरथरत नाही.

आणि एक काम आजच करा. घरात कुणाला पेसमेकर, स्टेंट किंवा सांध्यात धातू बसवला असेल, तर त्याचं कार्ड शोधून पर्समध्ये ठेवा आणि फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये.

जय जिनेंद्र.