कागदावरचा सातवा सामना

पिट्सबर्ग, १३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

आज दुपारभर विटांच्या एका भिंतीपाशी बसून १९६० सालचा बेसबॉलचा सामना ऐकला. तो झाला ते फोर्ब्स फील्ड मैदान पाडून तिथे विद्यापीठाच्या इमारती आल्या, पण मैदानाच्या कुंपणाचा तुकडा राखलाय. दर वर्षी याच तारखेला लोक इथे जमतात, वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्याचं रेडिओ समालोचन लावतात. निकाल सगळ्यांना पाठ, तरी नवव्या इनिंगला माना पुढे. ३:३६ ला पिट्सबर्गच्या मॅझरॉस्कीचा होमरन गेला आणि शेजारच्या आजोबांनी टोपी उडवली.

त्यांच्याकडच्या धावफलकाची झेरॉक्स सोबत पाठवतेय. न्यूयॉर्क यांकीज ९, पिट्सबर्ग पायरेट्स १०. हिट्स मात्र १३ आणि ११, म्हणजे हरलेल्यांच्याच जास्त. पूर्ण मालिका मांडली तर डोकं गरगरतं: यांकीजच्या ५५ धावा, पायरेट्सच्या २७! यांकीज जिंकले ते १६-३, १०-०, १२-० असे. पायरेट्स ६-४, ३-२, ५-२ आणि हा १०-९. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूसुद्धा हरलेल्या संघाचा, बॉबी रिचर्डसन.

पण तुम्ही आधी स्ट्राइकआउटचा रकाना बघाल. दोन्हीकडे शून्य. नऊ पिचर आले, एकोणीस धावा निघाल्या, आणि एकही बॅटर तीन स्ट्राइकवर बाद नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये असा सामना दुसरा नाही.

आता आठवी इनिंग. यांकीज ७-४ ने पुढे. पायरेट्सच्या विर्डनचा जमिनीलगतचा सरळसाधा चेंडू यांकीजच्या शॉर्टस्टॉपकडे, क्युबेककडे गेला. दोन गडी एकदम बाद व्हायचे, पण चेंडू कडक मातीवरून भलताच उसळला आणि थेट त्याच्या गळ्यावर बसला. क्युबेकला मैदान सोडावं लागलं, पायरेट्सनी त्या इनिंगमध्ये पाच धावा केल्या. कागदावर काय दिसतं? विर्डनच्या नावापुढे एक हिट. क्युबेकच्या नावावर चूक नाही, हे बरंच केलं म्हणायचं.

ब्रुकलिन, त्याच आठवड्यात

बाबा, आज मुद्दाम ग्रीन-वुड स्मशानभूमीत गेले. हा असा धावफलक बेसबॉलला देणारा हेन्री चॅडविक इथे आहे; समाधीच्या माथ्यावर दगडी चेंडू. माणूस इंग्लंडातल्या एक्सेटरचा, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. क्रिकेटच्या स्कोअरकार्डाची शिस्त त्याने या खेळात आणली. म्हणून ही झेरॉक्स तुम्हाला परकी वाटायची नाही.

या धावफलकाचाही ताळा असतो. बॅटिंगला आलेले एकूण बॅटर बरोबर धावा, अधिक बाद झालेले, अधिक बेसवर अडकून राहिलेले. पायरेट्सचे बाद २७ नव्हेत, २४ धरा; मॅझरॉस्कीने नवव्या इनिंगची सुरुवातच होमरनने केली, त्यामुळे पुढे कुणाला बाद करायची वेळच आली नाही. यांकीजचा पिचर टेरी याच्या नावापुढे पराभव लागला. आठव्या इनिंगचा शेवटचा गडी बाद करायला तो आला होता. त्यामुळे त्याच्या खात्यात एक तृतीयांश इनिंग. तुम्हाला हा अपूर्णांक फार खटकणार!

क्रिकेटच्या कांगा लीगच्या तुमच्या स्कोअरच्या वहीत विर्डनचा तो चेंडू तुम्ही कसा लिहिला असता? शेऱ्याच्या जागी काही टिपलं असतं का? उत्तर बोस्टनच्या पत्त्यावर पाठवा. आईला नमस्कार.

तुमची,
बाळी