मंगळाजोडीचे चक्रवाक

ओढिया प्रांतीं पावसाळ्यांत हजारावर चौरस किलोमीटर पसरणारें चिलिका सरोवर आहे. त्याच्या उत्तर तीरावर मंगळाजोडी नांवाचें खेडें. संस्कृत काव्याच्या अभ्यासकानें हिंवाळ्यांत एकदां तरी तेथें जावें. चक्रवाक तेथें पोथीबाहेर भेटतो.

आम्ही पौषांत गेलों. नाव तळाशीं सपाट, एंजिनावांचून, वेळूनें रेटीत नेण्याची. दोहों बाजूंस उथळ पाणी व लव्हाळे. काळ्या शेपटीचे पाणटिवळे चिखलांत लांब चोंची खुपशीत होते. जांभळ्या पाणकोंबड्या कोंवळे कोंभ सोलीत होत्या. वाटाड्या हलकेच एकेकाचें नांव सांगे. नावेची कोणासच भीति वाटत नव्हती.

ही निर्भयता जुनी नव्हे. इ. स. २००० च्या आधीं याच गांवांत बंदुकीनें व विषानें पक्षी मारून विकीत. पुढें गांवकऱ्यांची समिति झाली, आणि मारणाऱ्यांपैकींच कित्येक आज पक्षी दाखवून पोट भरतात. आमचा वाटाड्याही त्यांतलाच. पांखरांच्या संवयी शिकाऱ्याइतक्या दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

अखेर भगव्या रंगाची एक जोडी दिसली. हिमालयापलीकडील सरोवरांवर वीण करून हिंवाळ्यास इकडे उतरणारें हेंच तें ब्राह्मणी बदक. चक्रवाकमिथुन रात्रीं विरहानें आक्रोश करतें, हा कविसंकेत मीं तीस वर्षें वर्गांत शिकविला. वाटाड्यास त्याविषयीं विचारलें. तो मोडक्या हिंदींत म्हणाला, "बाबू, हीं रात्रींही चरतात. चरतांना लांब जातात, मग एकमेकांस हांका मारतात. त्या हांकेवरूनच आम्ही अंधारांत नेम धरीत असूं."

आणि त्यानें नाव वळविली.