दिवा खडकावर लावतात

आपल्या कवितांत प्रकाश फार झालाय, मित्रांनो. सूर्य, मशाल, पहाट. म्हणून आज एका खऱ्याखुऱ्या दिव्याबद्दल लिहितो. रत्नागिरीच्या दीपगृहाबद्दल.

रत्नदुर्ग किल्ला घोड्याच्या नालासारखा. तीन बाजूंनी समुद्र. एका अंगाला भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह. इंग्रजांनी ते 1867 साली उभारलं. त्याच साली मुंबईजवळ खांदेरी बेटावरही दीपगृह झालं. इंग्रजाला काही कोळ्या-खारव्यांचा कळवळा आला नव्हता. मुंबईत कापसाचा पैसा खुळखुळत होता, गिरण्या उभ्या राहत होत्या, आगबोटी वाढत होत्या. बोट खडकावर फुटली की माल बुडतो. दिवा मालासाठी होता.

पण त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. जुन्या दीपगृहांत तेलाची वात असायची. वात लहानच. भोवती काचेची भिंगं, कंगोऱ्या-कंगोऱ्यांनी रचलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं 1820 च्या दशकात ही रचना काढली. चहूकडे सांडून वाया जाणारा उजेड भिंगं वळवतात आणि समुद्राच्या अंगाला सोडतात. म्हणून एवढीशी वात मैलोगणती लांबून दिसते. आणि शेजारशेजारच्या दीपगृहांची उघडझाप वेगवेगळी ठेवतात. किती वेळा, किती सेकंदांनी, ते नकाशात लिहिलेलं असतं. बोटीवरचा माणूस मोजतो आणि आपण कुठं आहोत ते ओळखतो.

दिवा वाट दाखवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो आधी धोका सांगतो. इथं खडक आहे, बेतानं जा.

याच किनाऱ्यानं आपली माणसं बोटीत बसून मुंबईला गेली. रत्नागिरी जिल्ह्यानं मुंबईच्या गिरण्या भरल्या. बंदराच्या इतिहासात बोटींची नावं सापडतात, ओझं वाहणाऱ्यांची नाहीत. रमाईचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहायचे. रमाईमुळं ते एक नाव तरी उरलं.

माझा पणजाही बोटीनंच गेला. गिरणीत रिंगखात्यात लागला. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का? तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढून काढावा लागायचा. याची थुंकी आम्हाला लागंल, आम्ही बाटू, असं सवर्ण कामगार म्हणायचे. लक्षात घ्या, हा आडवा खडक शेजारी उभ्या असलेल्या कामगारानं घातलेला. बोटीला दिवा होता, गिरणीच्या आत अंधार.

1928 साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, आमच्या लोकांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क आहे, ही मागणी घाला. नाहीतर मी माझ्या लोकांना संपात पडू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजानं मागणी घातली. मालकांनी उलट उत्तर दिलं, हा अन्याय आम्ही केलेला नाही! मालक लबाडच, पण तेवढं एक वाक्य खरं बोलला. बाबासाहेबांनी खडकावर दिवा लावला तो असा.

मी आज सूतगिरणीत आहे. मशिनं बदलली. गटार तुंबलं की हाक मात्र आपल्याच पोरांना येते. गेटमीटिंगला मी हे बोललो तर एक पुढारी खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भाऊ, जात काढू नको, एकी फुटंल." मी म्हणालो, "साहेब, खडकाचं नाव घेतल्यानं बोट फुटत नाही. नाव न घेता त्याच्यावर गेली की फुटते."

हल्ली जहाजांना उपग्रह वाट दाखवतात. 1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 साली नवा आला. तरी दीपगृहं आहेतच, कारण खडक जागचे हललेले नाहीत.

तेव्हा दोस्तहो, आपली वात लहान आहे, हे चार कागद हातानं छापलेले आहेत, याची खंत नको. उजेड सांडू देऊ नका, एका दिशेनं सोडा. पुढच्या अंकाला सूर्यावरची कविता नको. तुमच्या कारखान्यात, कॉलेजात, गावात खडक नेमका कुठं आहे, तेवढं नाव-गाव घालून लिहा.