मनीचा पाय आणि आजोबांचे प्रतिक्रमण

परळी वैजनाथच्या मोंढ्यात आषाढ महिना तसा निवांत असतो. शेतकरी पेरणी-कोळपणीत गुंतलेला असतो, नव्या मालाला अजून दसरा उजाडायचा असतो आणि गोदामांत उरलेली असते ती मागच्या हंगामाची तूर आणि हरभरा. अशाच एका दुपारी एका अडत दुकानाच्या मागच्या दाराशी तुरीची पोती भरलेला टेम्पो मागे सरकला आणि त्याच्या सावलीत झोपलेल्या मनीचा डावा मागचा पाय चाकाखाली आला. टेम्पो दुकानाचा होता आणि चालकही दुकानाचाच. त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाच्या दारात नेऊन टाकण्याची सोय त्या घराला उरली नाही.

मनी कोणी हौसेने पाळलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ती गोदामात शिरली आणि तिथलीच झाली. दुकान उघडले की गादीवर बसण्याआधी आजोबा तिच्यापुढे वाटीभर दूध ठेवीत. घरात या नेमाला सगळे जीवदया म्हणत.

गावातल्या पशुवैद्यांनी पाय स्वच्छ करून पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा पंजा थंडगार होता, चिमटा काढला तरी मनीला कळत नव्हते आणि जखमेला दुर्गंधी सुटू लागली होती. हाडाचा चुरा झाला होता, रक्तपुरवठाही तुटला होता. पाय राखायचा तर जीव जाईल आणि जीव राखायचा तर पाय काढावा लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

दुकानावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सल्ले दिले. एक म्हणाला, इंजेक्शन देऊन सोडवून टाका. दुसरा म्हणाला, पांजरपोळात धाडा. तिसऱ्याने, तिचे कर्म तिला भोगू द्या, असे सांगून चहा संपवला. आजोबांचे मन मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. चाळीस वर्षे ते प्रतिक्रमण करीत आले होते. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार त्यांना झोपेतही पाठ होते: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव कापणे, झेपणार नाही इतके ओझे त्याच्यावर लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. शस्त्रक्रियेआधी मनीला उपाशी ठेवावे लागणार होते, शस्त्रक्रियेत तिचा पाय कापला जाणार होता आणि त्यानंतर तिला कोंडून ठेवावे लागणार होते. ज्या पाच दोषांची ते रोज क्षमा मागत, त्यांपैकी तीन आता ते पैसे मोजून करणार होते.

त्या संध्याकाळी त्यांनी हे आजींना बोलून दाखवले. आजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "माझ्या पोटातला गोळा काढायचा होता तेव्हा कागदावर सही तुम्हीच केली होती. तेव्हाही मला आदल्या रात्रीपासून पाणी दिले नव्हते. तो छविच्छेद होता का?"

आजोबा काही बोलले नाहीत. क्रोधाने, लोभाने किंवा निष्काळजीपणाने केलेली कृती अतिचार ठरते, हे त्यांनी व्याख्यानांत अनेकदा ऐकले होते. पण ऐकलेली गोष्ट आणि दारात येऊन उभी राहिलेली गोष्ट यांत अंतर असते. दुसऱ्या दिवशी पहाटे सून आणि नात मनीला टोपलीत घालून परभणीला निघाल्या.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचे. मराठवाड्यातल्या कितीतरी बैलांचे, म्हशींचे आजार तिथे बरे झाले आहेत. गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडताना नात टोपलीवर हात ठेवून बसली होती. तिथल्या डॉक्टरांनी समजावले की पाय गुडघ्याखाली कापून खुंट ठेवणे मांजराच्या हिताचे नसते. खुंट जमिनीवर टेकायला जातो, घासतो आणि पुन्हापुन्हा जखम होते. म्हणून मांडीच्या वरच्या भागातूनच पाय काढायचा, म्हणजे वरचे स्नायू हाडाच्या टोकाभोवती मऊ गादीसारखे बसतात. मांजराच्या शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी ती चालेल, असा धीरही त्यांनी दिला.

मनी घरी आली तेव्हा तिची डावी बाजू भादरलेली होती आणि त्यावर टाक्यांची लांब रांग होती. ते पाहून नात रडली. सुनेने आधीच जिन्याखालची छोटी खोली रिकामी करून ठेवली होती. घरभर गुळगुळीत शहाबादी फरशी. तीन पायांवर तोल सावरणाऱ्या जिवाला अशी फरशी शत्रूसारखी असते. म्हणून दुकानातले बारदान धुऊन, वाळवून खाली अंथरले आणि जखमेला सुतळीचे धागे चिकटू नयेत म्हणून वर जुन्या सुती लुगड्याची घडी टाकली. मलमूत्रासाठी उथळ काठाचा ट्रे ठेवला आणि त्यात मातीऐवजी फाडलेले वर्तमानपत्र, कारण मातीचे कण ओल्या टाक्यांत जातात. पाणी आणि खाणे चार पावलांच्या आत. उडी मारता येईल असे खोलीत काहीच ठेवले नाही. टाके निघेपर्यंत उडी, जिना आणि धावणे बंद.

जखम चाटू नये म्हणून मनीच्या गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर होती. ती काढावी म्हणून ती दाराच्या चौकटीवर डोके घाशी, तेव्हा आजोबांचा जीव वर-खाली होई. एकदा त्यांनी कॉलर सोडलीही. पाच मिनिटांत मनीची जीभ टाक्यांवर होती. मांजराची जीभ काट्यांनी भरलेली असते आणि त्या जिभेने टाका उसवायला वेळ लागत नाही. सुनेने कॉलर पुन्हा बांधली. त्यानंतर आजोबांनी गळ्यातल्या त्या बंधाला हात लावला नाही.

हे घर सूर्यास्तापूर्वी जेवणारे. अंधार पडला की चूल शांत असते. त्या घरात आता रात्री दहाला दिवा लागे, कारण वेदनाशामक औषधाची वेळ तीच होती. औषध डॉक्टरांनी मोजून दिले होते आणि एक ताकीदही दिली होती: माणसांची वेदनाशामके मांजराला कधीही द्यायची नाहीत. तापासाठी आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. दयेपोटी, पण अज्ञानाने दिलेली ती गोळी वधच ठरली असती.

दुसऱ्या दिवशी मनी कोपऱ्यात अंग चोरून बसली. ती ओरडली नाही, कण्हली नाही. मांजर वेदना बोलून दाखवत नाही, लपवते. पाठीची कमान, अर्धे मिटलेले डोळे, न शिवलेली वाटी, एवढीच तिची भाषा. टाक्यांभोवती थोडी सूज आणि काळेनिळेपणा पहिले काही दिवस असतोच, पण सूज वाढली, पू किंवा दुर्गंधी आली तर लगेच आणा, आणि खाणे बंद राहिले तर वाट पाहू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. माणसाचा उपवास तप असतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकते.

आणि इथेच खरा पेच उभा राहिला. मनीला द्यायचे काय?

घरातून दूधभात आला. मनीने दूध थोडे चाटले आणि तिला जुलाब झाले. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, असे फोनवर डॉक्टरांनी सांगितले. मांजराचे शरीर मांसाहारासाठीच घडलेले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य ते पुरेसे तयार करू शकत नाही, आणि ते आहारातून मिळाले नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होते. शाकाहारी खाद्यात कृत्रिम टॉरिन घालून मांजर पोसण्याचे प्रयत्न होतात, पण एवढी मोठी जखम भरून येण्याच्या काळात असा प्रयोग नको, असे त्यांचे मत पडले.

मग आजोबांना जी गोष्ट कळली ती त्यांना बोचली. चार वर्षे मनी वाटीभर दुधावर जगत नव्हती. ती गोदामातले उंदीर खाऊन जगत होती. दूध हा त्यांच्या मनाच्या समाधानाचा भाग होता, उंदीर हा दुकानाच्या फायद्याचा. पोती कुरतडली जात नव्हती, माल वाया जात नव्हता. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करायच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते. पैशाच्या लाभासाठी मांजर, कुत्रा यांसारखे प्राणी पोसणे त्यात मोडते. त्यांनी मांजर विकत आणले नव्हते की विकले नव्हते. पण लाभ घेतला होता, आणि त्याला जीवदया म्हटले होते.

दुकानातल्या हमालमामांनी सोपा मार्ग सुचवला. "शेठ, तुम्ही यात पडूच नका. खाणं मी आणतो, मीच चारतो." क्षणभर सगळ्यांना हायसे वाटले. पण आजोबांनीच मान हलवली. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, तिन्ही हिशेबात येतात. दुसऱ्याच्या हाताने केले म्हणून आपल्या खात्यातून वजा होत नाही.

हा प्रश्न समाजाला नवा नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जैनांचे पक्षी रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. म्हणजे उपचार नाकारायचा नाही आणि मांसही चारायचे नाही, अशी रेषा तिथे आखलेली आहे. ती रेषा आदराने समजून घेण्यासारखी आहे. पण परळीतल्या या घराला ती आखता येत नव्हती, कारण हा रुग्ण त्यांच्याच चाकाखाली आला होता आणि उपचार करून त्याला बाहेर सोडणे म्हणजे मरणाच्या हवाली करणे होते. शेवटी परभणीहून मांजरांचे डबाबंद खाद्य आले. त्याचे पैसे आजोबांनी स्वतःच्या खिशातून दिले, त्याची वाटी-चमचा स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवला आणि त्या काळापुरते तूप सोडले. स्थानकात विराजमान साध्वीजींपुढे जाऊन त्यांनी सारे काही न लपवता सांगून आलोचनाही केली. आपण योग्य केले, असे ते कधी म्हणाले नाहीत. दोष पत्करला, एवढेच म्हणाले.

बाराव्या दिवशी टाके निघाले. त्यानंतर मनी चालायला शिकली. पहिल्या पावलांना ती डावीकडे कलंडे, मग मागचा उरलेला पाय शरीराच्या मधोमध आणून टेकवू लागली. नातीने दुकानातली दोन लाकडी खोकी एकापुढे एक लावून खिडकीपर्यंत पायऱ्या केल्या, म्हणजे उंच उडीची गरज नको. वजन वाढू द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते, कारण चार पायांचे ओझे आता तीन पाय वाहणार. लाडाने जास्त खाऊ घालणे हाही एक अतिभारच.

गोदामात मनी परत गेली नाही. त्याऐवजी पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचली गेली. दाराखालच्या फटींना पत्रा लागला. उंदीर जिवंत पकडायचे पिंजरे आले आणि पकडलेले उंदीर गावाबाहेर सोडले जाऊ लागले. बिळे सिमेंटने बुजवण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री केली जाई. एवढे करूनही काही माल कुरतडला गेला. आजोबांनी तो खर्च वहीत वेगळ्या ओळीवर लिहिला. आता मनीपासून दुकानाला दमडीचा लाभ नव्हता. आजी एकदा म्हणाल्या, "आता कुठे तुम्ही तिला दयेने ठेवता."

भाद्रपदात पर्युषण आले. संवत्सरीच्या संध्याकाळी आजोबा प्रतिक्रमण करून परतले. घरातल्या सगळ्यांशी खमतखामणा झाला. टेम्पोच्या चालकाला त्या दुपारी ते जे बोलले होते त्याबद्दल त्यांनी त्याची हात जोडून क्षमा मागितली. मग ते जिन्याखालच्या खोलीकडे गेले.

मनी बारदानावर बसून डाव्या कानामागे खाजवण्याचा प्रयत्न करीत होती. तो पाय तिथे नव्हता. मान कललेली, डोळे मिटलेले, आणि मांडीचे उरलेले स्नायू भरभर हलत होते, जणू पाय अजून आहे. मागचा पाय गेलेल्या मांजराला त्या बाजूचा कान स्वतःचा स्वतः खाजवता येत नाही. ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

आजोबा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि तिच्या डाव्या कानामागे हळूहळू खाजवू लागले. मांडीची हालचाल थांबली. मनीने डोके त्यांच्या तळहातावर टेकवले.