मस्का आणि कालनिर्णय

‘‘या रविवारी येतेस का? डॉक्टर म्हणतायत, आता लांबवू नका...’’ आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. मी म्हटलं, ‘‘पुढच्या रविवारी करू या ना. या आठवड्यात रिलीज आहे.’’ आई नुसतंच ‘‘बरं’’ म्हणाली.

ते ‘बरं’ मला अजून टोचतं.

मस्का म्हणजे आमचा कुत्रा. २०११ मध्ये कॉलेजात असताना पुण्यातल्या फ्लॅटवर आम्ही मैत्रिणींनी त्याला आणलं. रंग थेट इराण्याच्या बनमस्क्याचा, म्हणून मस्का! आठ दिवसांत घरमालकानं डोळे वटारले आणि त्याची रवानगी आमच्या घरी, उंब्रजला झाली. आजीनं त्याचा ‘म्हसोबा’ करून टाकला. तारळी जिथं कृष्णेला मिळते, तिथपर्यंत रोज सकाळी बाबांबरोबर फेरी, हा त्याचा तेरा वर्षांचा नेम. कुत्रा माझा, पण वाढवला त्यांनी. मी आपली वीकेंडची मालकीण.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याच्या किडन्या थकल्या. म्हातारपणी गेलेली किडनी परत येत नाही. सलाइन आणि पथ्यावर दिवस सुखाचे करायचे, एवढंच हातात उरतं. मी नेटवर शोधाशोध केली. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनी २००४ मध्ये एक तक्ता तयार केलाय. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असली तर ठीक चाललंय म्हणायचं. मी व्हिडिओ कॉलवर बघून मार्क दिले. झाले बेचाळीस! कारण माझा आवाज ऐकला की तो कान टवकारायचा, शेपूट हलवायचा. एवढ्यावर मी त्याला पास करून टाकला होता.

पुढच्या शनिवारी रात्री खंबाटकी घाट उतरून घरी पोचले. मस्का ओसरीवर गोणपाटावर पडलेला. उठला नाही. शेपूट तेवढी दोनदा जमिनीवर आपटली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथं आई दुधाचा हिशोब लिहिते, तिथं तारखांच्या चौकोनात फुल्या दिसल्या. ‘‘हे काय गं?’’

‘‘ज्या दिवशी तो काही खात नाही, त्या दिवशी फुली.’’

महिन्याच्या सुरुवातीला एखाददुसरी. मग दिवसाआड. आणि माझ्या रिलीजच्या आठवड्यात सातही चौकोनांत. आईला तो तक्ता ठाऊक नव्हता, पण बेरीज तिनं कधीच केली होती. ‘‘सांगितलं का नाहीस?’’ विचारलं तर म्हणाली, ‘‘तुला तिकडं काम सुचलं नसतं.’’ तो जादा आठवडा मी मस्क्यासाठी मागितला असं स्वतःला सांगत होते. खरं तर तो माझ्यासाठी होता. भोगला त्यानं.

राहता राहिली आजी. ‘‘आरं, खंडोबाचा जीव हाय त्यो. पालीचा देव बगतोय. आपुन कोन मारनार?’’ बाबा हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांनी तिला १९२८ ची गोष्ट सांगितली. साबरमती आश्रमात एक वासरू तडफडत होतं, इलाज संपले होते. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून त्याला इंजेक्शन द्यायला लावलं. लोकांची संतापलेली पत्रं आली, पण गांधीजी मागं हटले नाहीत. ‘‘आता त्यांना अहिंसा आपण शिकवायची का?’’ बाबा म्हणाले. आजी काही बोलली नाही. उठून देवघरात गेली.

पुण्या-मुंबईत डॉक्टरनं घरी येऊन हे करणं म्हणजे खास ‘सर्व्हिस’ वाटते. गावाकडं डॉक्टर घरीच येतो, कारण म्हशीला काही रिक्षात घालून नेता येत नाही! रविवारी सकाळी दहाला कराडहून डॉक्टर मोटारसायकलवर आले. घाई नाही, उपदेश नाही. त्यांनी आधीच सगळं समजावलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. दुसरं शिरेतून, भुलीचंच औषध, पण मोठ्या मात्रेत. आधी शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय थांबतं. डोळे उघडे राहतील. नंतर एखादा उसासा येईल, तर दचकू नका. त्याला काही कळत नसतं.

आजी देवघरातून पालीचा भंडारा घेऊन आली आणि मस्क्याच्या कपाळाला लावला. ‘‘जा बाबा म्हसोबा,’’ एवढंच म्हणाली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाठीवर आईचा हात. पहिल्या इंजेक्शननंतर तो घोरायला लागला, कित्येक दिवसांनी, अगदी गाढ! दुसऱ्यानंतर पाच मिनिटंही लागली नसतील. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढला आणि मान हलवली.

शेतात बांधाकडेला बाबांनी आदल्या दिवशीच खड्डा खणून ठेवला होता. ‘‘खोल पुरा, वर दगड ठेवा. औषध अंगात राहतं, दुसऱ्या कुत्र्यानं उकरायला नको,’’ डॉक्टरांनी बजावलं.

मित्रमैत्रिणी विचारतात, ‘‘तुला बघवलं कसं?’’ खरं सांगू? ती शेवटची दहा मिनिटं त्या महिन्यातली सगळ्यात शांत होती. अवघड होतं ते त्याआधीचं ‘पुढच्या रविवारी’. तुमच्याही घरी असा कुणी म्हातारा होत असेल, तर त्याच्या हलणाऱ्या शेपटीवर जाऊ नका. शेपूट तो तुमच्यासाठी हलवतो. जो रोज त्याची ताटली उचलतो, त्याला विचारा. आणि त्यानं ‘ये’ म्हटलं, की रिलीज असो नाहीतर अप्रेझल, गाडी काढा.

रविवारच्या त्या चौकोनात आईनं फुली मारली नाही. मी बघितलं. नुसतं दुधाचं लिहिलं होतं : अर्धा लिटर कमी.